हर्षूचा पट्टा

प्रतिभानं हर्षूच्या कमरेचा पट्टा लावला, ओढून पाहिला आणि गॅसवरचं दूध उतू जाईल म्हणून ती आत गेली. ओट्यापाशी पोहोचते न पोहोचते तोच मागे खट्‌ असा आवाज झाला. तिनं वळूनही पाहिलं नाही. आधी दूध खाली उतरवलं, मग हात पुसत बाहेर आली. खुर्ची रिकामी होती. हर्षू आजीच्या कडेवर बसून तिच्या पदराला नाक पुसत होता.

"आई, आत्ताच तर लावला होता मी."

"रडत होता ना तो," तिच्या सासूबाई आशाबाई म्हणाल्या.

"रडू द्या ना थोडं. थांबला असता आपोआप."

"घरात तीन माणसं असताना लेकरू रडंल कायले?" असं म्हणून आशाबाई त्याला घेऊन बाहेरच्या ओट्यावर चिमण्या दाखवायला गेल्यासुद्धा.

प्रतिभा त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी राहिली. आठवडाभर हेच चाललं होतं. ती लावायची आणि कोणीतरी सोडायचं. कधी सासूबाई, कधी सासरे, कधी शेजारच्या गोदाबाई. एकदा तर दूधवाल्यानं सोडलं. "बच्चा रो रहा था भाभी," म्हणाला, आणि माप टाकून निघून गेला.

हर्षूला नुकतीच दोन वर्षं पूर्ण झाली होती. दोन वर्षांच्या आतलं मूल विमानात आईच्या मांडीवर चालतं, दोन पूर्ण झाली की त्याला वेगळी जागा आणि वेगळा पट्टा. प्रतिभाचा नवरा रितेश बंगळुरूला एका कारखान्यात होता. मध्यंतरी कंपनीनं त्याला बाहेरच्या साइटवर पाठवलं, म्हणून मायलेक बुऱ्हाणपूरला सासरी येऊन राहिली होती. आता तो परत आला होता, प्रतिभाची नोकरीही तिकडे सुरू होणार होती, आणि काही दिवस हर्षूला सांभाळायला आशाबाई सोबत निघाल्या होत्या. इंदूरहून विमान होतं. आशाबाईंचा हा पहिला विमानप्रवास. त्यांनी बॅग केव्हाच भरून ठेवली होती. दराबा या गावच्या मिठाईचा डबा तेवढा शेवटच्या दिवशी आणायचा बाकी होता.

प्रतिभाच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती. हे पोरगं विमानात पट्टा लावून बसेल का?

तिच्या काळजीला कारण होतं. बुऱ्हाणपूरला येताना हर्षू तान्हा होता, तिच्या मांडीवर, तिच्या पट्ट्यात अडकवलेल्या छोट्या जादा पट्ट्यानं बांधलेला. पुढच्या रांगेत एक माणूस आपल्या मुलाला मांडीवर उभं करून खेळवत होता. पट्टे लावायचा दिवा लागला. हवाई सुंदरी येऊन सांगून गेली, परत येऊन सांगून गेली. तो हसून म्हणाला, बस दो मिनट. आणि तेवढ्यात विमान एकदम खाली गेलं. विहिरीत पोहरा सुटावा तसं. त्या मुलाचं डोकं वरच्या फळीला लागलं. दगडी ओट्यावर नारळ आपटावा तसा आवाज प्रतिभानं ऐकला. मग रक्त, मग आईचं ओरडणं. पुढचा सगळा वेळ त्या बापाच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा डाग वाढत गेलेला तिनं पाहिला होता.

घरी आल्यावर तिनं हे सगळं सांगितलं होतं. आशाबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग वाचलं ना ते लेकरू?"

"वाचलं. टाके पडले."

"मग झालं तर," आशाबाई म्हणाल्या होत्या, आणि ती गोष्ट त्यांच्यापुरती तिथंच संपली होती.

लहान मुलांची वेगळी खुर्ची विमानात नेता येते असं प्रतिभानं कुठंतरी वाचलं होतं. तिनं विमान कंपनीला फोन लावला. पहिला म्हणाला, हो, नेता येते. दुसरी म्हणाली, खुर्चीचा फोटो पाठवा, कळवतो. फोटो पाठवला, कळवलं काहीच नाही. तिसऱ्याला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगितली तर तो अदबीनं म्हणाला, "मॅडम, आपको व्हीलचेअर चाहिए क्या?" प्रतिभानं फोन ठेवला. निदान साध्या पट्ट्याची तरी सवय करू, असं तिनं ठरवलं.

गावातल्या शनवाऱ्यापाशी लीलाधरचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान होतं. प्रतिभा घरातली हर्षूची लाकडी खुर्ची रिक्षात घालून तिथं घेऊन गेली.

"भाभी, बेल्ट तो मिल जाईल," लीलाधर म्हणाला, "पण कायले पाहिजे?"

"विमानात बसायची प्रॅक्टिस करायची आहे."

लीलाधरनं खुर्चीकडे पाहिलं, प्रतिभाकडे पाहिलं. मग एका जुन्या जीपचा कमरपट्टा काढला आणि खुर्चीला पक्का ठोकून दिला. वर कौतुकानं म्हणाला, "आता हा बच्चा कुठंच जात नाही."

पहिल्या दिवशी हर्षूला खुर्ची आवडली. खटका लावायला आणि सोडायला त्याला मजा वाटत होती. प्रतिभानं त्याला डाळिंबाचे दाणे दिले, तोंडानं विमानाचा आवाज काढला, तोही घूं घूं करत बसला. आपण उगीचच घाबरत होतो, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची दिसताच त्यानं अंग ताठ केलं. लहान मूल अंग ताठ करतं तेव्हा त्याला कुठंही बसवता येत नाही, हे ज्यानं बसवून पाहिलंय त्यालाच कळतं. कसंबसं बसवलं, पट्टा लावला, आणि त्यानं असा टाहो फोडला की मागच्या गल्लीतून गोदाबाई ओलं धुणं तसंच टाकून धावत आल्या.

"काय झालं व माय? भाजलं का पोऱ्याले?"

"काही नाही झालं काकू. बेल्ट लावलाय."

गोदाबाईंनी खुर्ची पाहिली, पट्टा पाहिला, तोंडावर हात ठेवला. "बांधलं लेकराले?"

तेवढ्यात आशाबाईंनी खटका दाबलाही होता.

सासरे, म्हणजे सुपडूबाबा, तसे समजूतदार. त्यांची दापोऱ्याला केळीची बाग होती, सकाळी जायचे ते दुपारी जेवायला यायचे. जेवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तिचं. घड लागला का केळीले आपण बांधतोच ना? वाऱ्यात झाड पडू नये म्हणून बांधतो. झाडाले राग येतो का?"

प्रतिभाला बरं वाटलं. या घरात निदान एक माणूस आपल्या बाजूचं आहे. जेवण झालं, तिनं ताटं उचलली, आणि बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर सुपडूबाबा निघाले होते आणि हर्षू पुढे पेट्रोलच्या टाकीवर, दोन्ही हातांनी हँडल धरून.

"बाबा."

"जरा बागेत चक्कर मारून आणतो. रडून रडून हैराण झालं पोरगं."

"अहो बाबा, आत्ताच तुम्ही…"

"हळू नेतो ना," ते म्हणाले, आणि गेले.

प्रतिभा माहेरची नेपानगरची. तिचे वडील रघुनाथराव कागद कारखान्यात नोकरीला होते, ती कॉलनीच्या क्वार्टरमध्ये वाढली. तिथं भोंग्यावर दिवस चालायचा, जेवणाला आणि झोपेला वेळ होती. सासरी सगळं मायेवर चालायचं. माया खरी होती, त्याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पण या मायेला कुठं कड नव्हती, आणि तिच्याशी भांडताही येत नव्हतं. भिंतीशी भांडलं तर निदान भिंत उभी तरी राहते.

चौथ्या की पाचव्या दिवशी तिनं दार आतून लावून घेतलं. हर्षूला खुर्चीत बसवलं, पट्टा लावला आणि समोर मांडी घालून बसली. तो रडला. ती बसून राहिली. तो आणखी रडला. तिनं गाणं म्हटलं, चमचा वाजवला, काहीच चालेना, तरी ती हलली नाही. बाहेरून आशाबाई दार वाजवत होत्या. "प्रतिभा, दार उघड. प्रतिभा, त्याले उलटी होईन." मग गोदाबाईंचाही आवाज आला. मग आणखी कोणाचा तरी. प्रतिभा तशीच बसली. आणि हळूहळू हर्षूचं रडणं कमी झालं, हुंदके आले, त्यानं पट्ट्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हात पुढे करून "दाणे" म्हणाला.

डाळिंबाचे दाणे घेऊन तो चांगला बसला. प्रतिभाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं दार उघडलं, मोठ्या उत्साहानं म्हणाली, "बघा आई, बसला की नाही?"

दारात चार बाया उभ्या होत्या. आजीला बघताच हर्षूचा ओठ खाली वळला. पुढच्या क्षणी तो कडेवर होता.

त्या दिवशी मात्र प्रतिभाचा तोल गेला. "तुम्ही त्याला बसूच देत नाही, आई. तो बसतो. मी एकटी असते तेव्हा बसतो. तुम्ही दिसलात की त्याला माहीत असतं की सुटका आली."

"मग काय झालं?" आशाबाई म्हणाल्या. "आजी कायले असते?"

गोदाबाईंना या भांडणात मिटवामिटवी करायची होती. त्या म्हणाल्या, "जाऊ दे व आशा. बांधलं तर बांधलं. तू नव्हतं का रितेशले बांधलं निंबाच्या झाडाले? कापूस वेचाले जायचो आपण, तव्हा. पायाले दोरी असायची त्याच्या. काही झालं का? इंजिनेर झाला तो."

प्रतिभानं हे कधीच ऐकलं नव्हतं. तिला मनातून जिंकल्यासारखं वाटलं आणि ती सासूकडे बघू लागली. आता काय म्हणतात बघू.

आशाबाईंनी हर्षूला दुसऱ्या कडेवर घेतलं. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता, पण आवाज वाढला नाही.

"बांधलं होतं," त्या म्हणाल्या. "दिवसभर रडायचा. गळा बसायचा त्याचा. ओळ अर्धी सोडून येता येत नव्हतं. तव्हा सोडाले कोणी नव्हतं. आता मी आहे ना घरात."

प्रतिभाचा राग होता तिथंच राहिला, आणि आता तो काढायचा कोणावर हेही कळेना. ती आत जाऊन कणीक मळू लागली. कणकीचा गोळा नको तितका मऊ झाला.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण त्या चार बायांपैकी एकीची बहीण तुकईथड गावाला दिली होती आणि रितेशचे मामाही तिथंच राहत होते. दोन दिवसांत रितेशचा फोन आला. प्रतिभा तेव्हा कपडे वाळत घालत होती.

"तू हर्षूला बांधून ठेवतेस?" त्यानं विचारलं.

"काय?"

"मामांचा फोन आला होता. दार बंद करून पोराला खुर्चीला बांधते म्हणे तुझी बायको. दोरीनं."

प्रतिभानं ओला शर्ट परत बादलीत टाकला. "दोरी नाही, बेल्ट आहे. गाडीचा बेल्ट. विमानात बसायची सवय करतेय मी. तुम्हाला सांगितलं होतं की नाही? खुर्चीचा फोटोही पाठवला होता."

"हो, ते माहीत आहे गं मला. पण मामा म्हणत होते…"

"तुम्हाला माहीत आहे ना, मग मामांना सांगितलं का तसं?"

"ते मोठे आहेत. मी म्हटलं विचारून सांगतो."

"काय विचारून सांगता?"

"हे बघ, चिडू नको. विमानात देतातच ना बेल्ट. तिथं लावतील तेव्हा बसेल तो. एवढं टेन्शन कशाला घेतेस?"

तिथं कोण लावणार आहे, हे तिच्या ओठांवर आलं होतं. त्या कंपनीची माणसं? हवाई सुंदरी? वैमानिक स्वतः खाली येऊन? पण फोन ठेवून तिनं उरलेले कपडे असे झटकले की वरच्या दोरीवरच्या गोदाबाईंच्या साड्यांवर शिंतोडे उडाले. त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी कडू ड्रायव्हर गाडी घेऊन आला. प्रतिभानं मागचं दार उघडून आधी पट्टे शोधले. पट्टे नव्हतेच. म्हणजे होते, पण नव्या कोऱ्या चॉकलेटी सीटकव्हरखाली गाडले गेले होते.

"पीछे कोण लावतं मॅडम," कडू म्हणाला. "गाडी घेतली तेव्हापासून कोणी मागितलाच नाही."

"मी मागतेय."

"कव्हर काढावं लागंन."

"काढा."

"अभी?"

सुपडूबाबा मध्ये पडले. "उशीर होईन बेटा. कडू चांगला चालवतो."

प्रतिभानं बॅग खाली ठेवली, सीटवर चढली आणि स्वतःच कव्हरच्या नाड्या सोडायला लागली. गल्ली जमा झाली. कडूला ते बघवेना. तो पुढे आला, त्यानं कव्हर अर्धं वर केलं, आतून पट्टे ओढून काढले. खटक्यात कधीचे शेंगदाण्याचे फोल अडकले होते. ते केसांच्या पिनेनं काढण्यात आणखी वेळ गेला. मग हर्षूला मध्ये बसवलं, पट्टा लावला आणि गाडी निघाली. शहराची हद्द सुटायच्या आत हर्षू झोपला. इतकं करून तो झोपलाच, याचाही तिला राग आला.

इंदूरच्या विमानतळावर सगळं सुरळीत झालं. दराब्याचा डबा तपासणीत उघडावा लागला, तिथल्या बाईनं वास घेऊन हसून परत दिला. आशाबाई आता थोड्या बुजल्या होत्या. सरकत्या जिन्यापाशी त्या थांबल्या, तेव्हा प्रतिभानं त्यांचा हात धरला. क्षणभर दोघी सगळं विसरून एकमेकींना सांभाळत वर गेल्या.

विमानात तीन जागा सलग होत्या. प्रतिभानं ठरवलं होतं, खिडकीशी हर्षू, मध्ये मी, कडेला आई. पण आशाबाई आत शिरल्या त्या थेट मधल्या जागेवर बसल्या.

"आई, तुम्ही इकडे या ना."

"मले भ्या वाटतं कडेले. अन्‌ हर्षू माझ्याजवळ राहतो."

मागे माणसं बॅगा घेऊन ताटकळत होती. प्रतिभा कडेला बसली. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला यासाठी बोल लावत राहिली. त्या क्षणी उठवायलाच हवं होतं.

आणि हर्षू? त्यानं पट्टा बघितला, "खट्‌" म्हणाला आणि स्वतःहून पोट पुढे केलं. प्रतिभानं पट्टा लावला, घट्ट केला. विमान धावायला लागलं, वर उठलं, आशाबाईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, आणि हर्षू खिडकीला नाक लावून "घूं" करत राहिला. आठवडाभराचा सगळा ताण प्रतिभाच्या अंगातून उतरला. बसला. खरंच बसला. तिला कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगायला शेजारी सासूबाईच होत्या.

"बघितलंत?" ती म्हणाली.

"शहाणा आहे माझा," आशाबाई म्हणाल्या.

सगळं बिघडलं ते उतरताना. विमान खाली यायला लागलं तसे हर्षूचे कान दुखू लागले. त्यानं कान धरले, मान हलवली, आणि मग रडायला लागला. साधं रडणं नव्हतं ते, दुखण्याचं होतं. प्रतिभानं पाण्याची बाटली तोंडाशी धरली, त्यानं झिडकारली. डाळिंबाचे दाणे दिले, ते सांडले. पट्टे लावायचा दिवा कधीच लागला होता. बाहेर नुसते ढग होते आणि विमान बारीक थरथरत होतं.

"आजी, सोड," हर्षू म्हणाला.

"आई, सोडू नका," प्रतिभा म्हणाली. "कान दुखताहेत त्याचे. होईल कमी."

पुढच्या जागेवरच्या गृहस्थांनी मान वळवली. "गोद में ले लीजिए ना मैडम. चुप हो जाएगा."

"आजी, सोड," हर्षू पुन्हा म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

प्रतिभा खाली पडलेली बाटली उचलायला वाकली होती. तेवढाच वेळ. वर येते तो पट्टा मोकळा लोंबत होता आणि हर्षू आजीच्या मांडीवर होता.

"आई," ती म्हणाली. पुढचं बोलायला वेळच मिळाला नाही. विमान खाली गेलं.

फार नाही. मागच्या खेपेइतकं तर नाहीच. पण कोणीतरी मागे ओरडलं, आणि प्रतिभानं पाहिलं, हर्षू आजीच्या मांडीवरून वर गेला. वीतभर असेल. आजीच्या हातांच्या वर, अधांतरी, तोंड उघडं, रडणं थांबलेलं. आशाबाईंनी हात मारला. हातात त्याचा सदरा आला. तो त्यांनी मुठीत धरला, आणि पोरगं धप्पकन परत मांडीवर आलं.

विमान पुन्हा सरळ झालं. कुठं काही लागलं नव्हतं. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"क्या बात है," पुढचे गृहस्थ म्हणाले. "दादी ने पकड़ लिया. वाह माताजी."

पलीकडच्या बाईनंही मान डोलावली. "दादी दादी ही होती है."

प्रतिभानं आपला पट्टा सोडला, आजीच्या मांडीवरून हर्षूला उचललं, खिडकीशी बसवलं आणि त्याचा पट्टा लावला. तो आता दचकून रडत होता. आशाबाईंचा हात सवयीनं पुढे आला आणि खटक्यावर पडला. प्रतिभानं त्या हातावर आपला हात ठेवला.

"हात काढा, आई."

या आवाजात ती त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती. दोन रांगांनी ऐकलं. आशाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि हात काढून मांडीवर ठेवला. "पकडला ना मी," त्या हळूच म्हणाल्या.

चाकं जमिनीला लागेपर्यंत हर्षू रडत होता. प्रतिभा सासूच्या अंगावरून तिरकी वाकून, लेकाच्या खटक्यावर तळहात दाबून बसली होती. तिच्या स्वतःच्या कमरेला पट्टा नव्हता. हवाई सुंदरीनं लांबून तिला खूण केली. मला सांग आता, असं तिच्या मनात आलं. हे बरं आहे. जगात तेवढी मीच सापडले सगळ्यांना सांगायला.

बाहेर रितेश घ्यायला आला होता. आशाबाईंनी त्याला बघताच सांगायला सुरुवात केली. विमान कसं दणकन खाली गेलं, हर्षू कसा उडाला, आणि आपण त्याला वरच्या वर कसा झेलला. रितेश कौतुकानं ऐकत होता. "वा आई," तो म्हणाला.

"पट्टा कोणी सोडला होता, ते नाही विचारलं तुम्ही," प्रतिभा म्हणाली.

"कोणी?"

तिनं सासूकडे पाहिलं. आशाबाई हर्षूच्या सदऱ्याची गुंडी लावत होत्या. मघाशी ओढाताणीत ती उसवली होती, धाग्यावर लोंबत होती, तरी त्या काजात घालायचा प्रयत्न करत होत्या.

"जाऊ द्या," प्रतिभा म्हणाली. "चला. ऊन लागतंय."

घरी पोहोचल्यावर आशाबाईंनी सुपडूबाबांना फोन लावला. प्रतिभा स्वयंपाकघरात डबे लावत होती, सगळं ऐकू येत होतं. "हा, पोचलो. नाही, काही त्रास नाही. सारा रस्ता बसला पट्ट्यात. मी बसवला ना."

प्रतिभानं साखरेचा डबा जरा जोरातच फळीवर ठेवला.

दोन दिवसांनी हर्षूसाठी नवे कपडे आणायला सगळे बाजारात निघाले. रितेशच्या गाडीत मागे लहान मुलाची खुर्ची बसवलेली होती. प्रतिभानं महिनोन्‌महिने फोनवरून मागे लागून त्याच्याकडून ती बसवून घेतली होती. खांद्यावरून पट्टे, कमरेला पट्टा, मध्ये मोठा लाल खटका. हर्षूनं ती बघितली आणि अंग ताठ केलं.

"एवढ्या जवळ तर जायचंय," रितेश म्हणाला. "आई घेईल ना मांडीवर."

प्रतिभानं हर्षूला खुर्चीत कोंबलं, एक हात आत घातला, दुसरा घातला, खटका लावला. त्यानं टाहो फोडला. आशाबाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या, खटका त्यांच्या हाताशीच होता. प्रतिभा पुढे जाऊन बसली, मान वळवून त्यांच्याकडे बघत. आज काय व्हायचं ते होऊ दे, असं तिनं ठरवलं होतं.

"आजी, सोड," हर्षू रडत म्हणाला.

आशाबाईंनी हात उचलला. हर्षूच्या गालावरचं पाणी पुसलं. मग दोन्ही हात पदराखाली घेतले आणि तोंड खिडकीकडे केलं.

"आजी, सोड. आजी."

गाडी वळणावरून मोठ्या रस्त्याला लागली. हर्षू थांबेना. आशाबाई बाहेर बघत राहिल्या, ओठ घट्ट मिटून.

"रितेश," त्या म्हणाल्या, "गाणं लाव."

रितेशनं गाणं लावलं.

"मोठ्यानं लाव," आशाबाई म्हणाल्या. "आणखी मोठ्यानं."